बाहेर जायचा नियम

आमच्या जलविज्ञानाच्या संस्थेत भानगडी होत नाहीत. टोमणा मारत नाहीये, खरंच होत नाहीत. चहाचं बिलसुद्धा खजिनदार दोनदा तपासतात. सगळं कसं नियमाला धरून चालतं. माझं डोकं फिरतं ते त्या नियमावरूनच.

संस्था मुलुंडला, एका बँकेच्या वरच्या मजल्यावर. प्राध्यापक, निवृत्त इंजिनिअर, भूजलवाले असे आम्ही सभासद. संस्था दरवर्षी दोन गोष्टी देते. एका ज्येष्ठ माणसाला पदक, आणि पाण्यावर संशोधन करणाऱ्या एका विद्यार्थ्याला अनुदान. पदकाचं सोपं आहे, ते रांगेने मिळतं. कोण उरलंय ते बघायचं, की झालं. "यंदा यांचा नंबर" असं आमच्यात उघड म्हणतात, रेशनच्या दुकानात म्हणावं तसं. अनुदानासाठी मात्र समिती बसते, अर्ज वाचले जातात, मार्क पडतात. आणि तिथे तो नियम आहे. समितीतल्या कोणाचा स्वतःचा विद्यार्थी अर्जदार असेल, तर त्याच्या अर्जावर चर्चा चालू असताना त्या सरांनी बाहेर गॅलरीत जाऊन उभं राहायचं.

नियम चांगला आहे हो. कोणीतरी भल्या माणसाने भल्या हेतूने केला असणार. पण आमच्या लोकांनी त्याचं काय केलं बघा. एक सर उठतात, चष्मा खिशात ठेवतात, "मी जरा बाहेर आहे" म्हणतात. दार लागतं. आत सगळ्यांना कळतं, हा यांचा. मग हात सैल सुटतात. कारण पुढच्या अर्जाला दुसरे सर उठणार असतात आणि त्याच्या पुढच्याला तिसरे. आज मी तुझ्या पोराला वाढतो, उद्या तू माझ्या पोराला वाढ. कोणी अक्षर बोलत नाही, डोळा मारत नाही. खुर्ची रिकामी झाली हीच शिफारस. आणि ज्या अर्जाला कोणाचीच खुर्ची हलत नाही तो गेला बाराच्या भावात.

त्या बाराच्या भावात मी स्वतः गेलेली आहे.

भांडुपला डोंगराच्या चढावर आमचं घर. वडील जालन्याकडून आलेले, एका कारखान्यात फिटर. बौद्धवाडीतली पहिली एम.एस्सी. मी. चढावर जुन्या विहिरी होत्या, काही बुजवलेल्या, काही कचऱ्याने भरलेल्या, आणि त्यांना पाणी कुठून येतं हे शोधायचं माझ्या डोक्यात होतं. याच संस्थेकडे अर्ज केला. तेव्हा मुलाखतही असायची, तिला इस्त्रीची साडी नेसून गेले. समोरचे सगळे मला सभ्यपणे बघत होते. "छान आहे विषय," एकजण म्हणाले. छानच्या पुढे कोणी गेलंच नाही. एक प्रश्न नाही, एक आक्षेप नाही. नंतर नकार आला.

वडिलांनी विचारलं, "तुझं काय चुकलं ते तरी सांगितलं का त्यांनी?"

नव्हतं सांगितलं. मग माझं मीच ठरवून टाकलं की आपलं काम कच्चं असणार, आपली इंग्रजी कच्ची असणार, आपणच कच्च्या असणार. विहिरींचा विषय सोडला. घाटकोपरच्या कॉलेजात नोकरी मिळाली, दुसऱ्या विषयात पीएच.डी. केली, रीतसर सभासद झाले. पुढे समितीवर घेतलं त्यांनी. "महिला प्रतिनिधी हवीच ना," असं वर ऐकवलंही.

पहिल्याच सभेत एक सर चष्मा खिशात ठेवून उठले, दार लागलं, आणि माझ्या लक्षात आलं. अंगातून सणक गेली. इतकी वर्षं मी स्वतःला कच्ची समजत होते, आणि कारण काय, तर माझ्यासाठी कोणी गॅलरीत जाऊन उभं राहिलं नव्हतं! माझ्या विहिरी त्यांनी वाचल्यासुद्धा नसतील. वडील तेव्हा हयात नव्हते, नाहीतर त्याच संध्याकाळी त्यांना सांगितलं असतं. ते सांगता आलं नाही याचा राग अजून आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

अध्यक्षांना एकदा विचारून बघितलं. आमचे अध्यक्ष निवृत्त इंजिनिअर, गोड माणूस, कधी आवाज चढत नाही. म्हणाले, "मॅडम, इतका स्वच्छ नियम तुम्हाला दिल्लीतसुद्धा सापडायचा नाही." आणि बटाटवड्याची बशी माझ्याकडे सरकवली.

यंदा त्यांचाच फोन आला. "मॅडम, पदकाला यंदा तुमचा नंबर. समितीचं काम एकदा उरकू, मग जाहीर करू. साडी काढून ठेवा."

खोटं कशाला बोलू, मला ते पदक हवं होतं. आईला सांगितलं तर तिने दुसऱ्या दिवशी शोकेसमधला कपांचा सेट हलवला आणि बुद्धाच्या मूर्तीशेजारची जागा पुसून ठेवली. "इथं ठेवू," म्हणाली. शेजारणीला बोलावून ती रिकामी जागा दाखवली. आता बोला.

त्याच आठवड्यात अर्ज वाचायला आले. त्यातला एक दिंडोशीच्या एका मुलीचा होता. तिच्या वसाहतीच्या मागे डोंगर कापलेला आहे आणि तो ढासळू नये म्हणून उंच भिंत बांधलेली. आतलं पाणी बाहेर पडावं म्हणून भिंतीत पाइपाची भोकं ठेवलेली असतात. ही मुलगी मोबाइलचं घड्याळ लावून त्या भोकांखाली प्लास्टिकचा मग धरते आणि किती वेळात भरतो ते लिहिते. पाऊस गेल्यावरही काही भोकं वाहतात, काही अचानक बंद होतात. तिचं म्हणणं सरळ होतं: जे भोक बंद झालं त्याच्या मागे पाणी साठतंय का, हे भिंत पडायच्या आधी कळायला हवं. भिंतीला लागून घरं आहेत.

मी अर्ज खाली ठेवला आणि चहा करून आले. पुन्हा वाचला. शेवटी एक ठरलेला प्रश्न असतो, अनुदान न मिळाल्यास काय करणार. बाकीच्यांनी "अन्य स्रोतांचा शोध घेईन" वगैरे लिहिलेलं. हिने लिहिलं होतं, "काम बंद. जूनपासून क्लासमध्ये शिकवायला जाणार." मार्गदर्शकाच्या नावापुढे तिने लिहिलं होतं की सर निवृत्त होऊन मुलाकडे बंगळूरला गेले.

म्हणजे हिच्यासाठीही कोणी उठणार नव्हतं.

सभा नेहमीसारखी सुरू झाली. पहिला अर्ज आला, एक सर उठले, गेले, आले. दुसरा अर्ज, दुसरे सर. सगळं झकास चाललेलं. मग तिचा अर्ज आला. अध्यक्षांनी नाव वाचलं आणि सवयीने सगळ्यांकडे बघितलं. कोणी हललं नाही.

"कोणाची ही?" भूजलवाले सर म्हणाले. हे आमच्यातले सगळ्यात तिरसट. पाण्याचं ज्ञान अफाट, जीभ त्याहून.

"कोणाचीच नाही वाटतं," कोणीतरी म्हणालं, आणि पान उलटायचा आवाज आला.

मी काही ठरवून गेले नव्हते. शपथ. पण ते "कोणाचीच नाही" ऐकलं आणि तिडीक डोक्यात गेली. मी पर्स उचलली, खुर्ची मागे सरकवली, चांगली वाजेल अशी सरकवली, आणि म्हणाले, "मी जरा बाहेर आहे."

गॅलरीत उभी राहिले. खाली रिक्षांची रांग, समोर नवा टॉवर चढत होता. मनात आलं, बाई गं, लावलीस वाट स्वतःच्या पदकाची. आणि आतून हसण्याचा आवाज आला, मोकळा, खेळीमेळीचा. तो ऐकूनच कळलं, आत हात सैल सुटले होते.

दार उघडलं. अध्यक्ष स्वतः आले होते. "या, या मॅडम. अहो, तुमची आहे हे आधी नाही का सांगायचं! उत्तम मार्क पडलेत."

मी आत जाऊन बसले आणि म्हणाले, "माझी नाहीये."

"म्हणजे?"

"माझी विद्यार्थिनी नाही. मी तिला आयुष्यात बघितलेलं नाही."

मग भूजलवाले सर खेकसले, "मग बाहेर कशाला गेलात?"

"तुम्ही कशाला जाता हो?"

अध्यक्षांनी घसा खाकरला. मी म्हटलं, "ही सभेची फसवणूक आहे असं म्हणा, मला मान्य आहे. ते मार्क रद्द करा, मीच सांगते. पण मला एक सांगा. मी बसले होते तेव्हा ही कोणाचीच नव्हती आणि उठले तेव्हा उत्तम झाली. मधल्या वेळात तिच्या भिंतीत काय बदललं? भोकं वाढली? अर्ज किती जणांनी वाचलाय? हात वर करा."

"मॅडम, हे शोभत नाही," अध्यक्ष हळू आवाजात म्हणाले. "यंदा तर तुमचं..."

"माझं राहू दे. आज सगळे अर्ज पहिल्यापासून घ्या. कोणी बाहेर जायचं नाही. आपला विद्यार्थी असेल तर सांगायचं, त्याला मार्क द्यायचे नाहीत, पण इथे बसून ऐकायचं. आणि बाकीच्यांनी त्याच्या गुरूच्या तोंडावर बोलायचं. आहे हिंमत?"

मला वाटलं आता उठून जातील. पण भूजलवाल्या सरांनी माझ्यावरचा राग काढायला तो दिंडोशीचा अर्ज ओढला, चष्मा लावला आणि फाडायच्या तयारीने वाचायला लागले. अर्ध्यात थांबले. "हे पाणी पावसाचं कशावरून?" ते ओरडले. "वर पाइपलाइन फुटली असेल तर? क्लोरिन तपासलं का हिने?"

"तपासायलाच पैसे मागितलेत. पुढच्या पानावर आहे," कोणीतरी म्हणालं. याचा अर्थ तोही वाचायला लागला होता.

आणि मग काय विचारता! वडे गार झाले. भोक बंद पडलं तर माती अडकली की पाणी वळलं यावर दोघे असे भांडले की अध्यक्षांना टेबल वाजवावं लागलं. एका सरांना आपल्या विद्यार्थ्याच्या अर्जावर गुमान बसून ऐकावं लागलं की यातला नकाशा दुसरीकडचा उचललाय. त्यांचं तोंड एवढंसं झालं. मार्क प्रत्येकाने मोठ्याने सांगितले. दिंडोशीची मुलगी पहिली आली, आणि तिला सगळ्यात जास्त मार्क देणारे भूजलवाले सर होते.

सगळ्यात कमी मी दिले.

पदकाबद्दल मला कोणी काही बोललं नाही. समारंभाची पत्रिका आली तेव्हा त्यावर दुसऱ्या एका सरांचं नाव होतं. आईने पत्रिका वाचली, परत वाचली, शोकेसपाशी जाऊन उभी राहिली. "मग तुझा नंबर कधी?" तिने विचारलं. म्हटलं, "आता कसला नंबर, आई. रांगेतून मीच बाहेर पडले." तिने कपांचा सेट परत जागेवर ठेवला. मला वाईट वाटलं, तिच्यासाठी फार वाटलं. पण आईला घेऊन समारंभाला गेले. तोंड लपवायला मी काही चोरी केली नव्हती.

मुलुंडलाच हॉल होता. चहापाशी एक मुलगी समोर येऊन उभी राहिली. काळीसावळी, काटक, पाठीला सॅक. नमस्कार नाही, काही नाही.

"तुम्हीच ना त्या मॅडम? माझ्यासाठी बाहेर गेलात म्हणे. सगळे तेच बोलतायत." तिचे डोळे लाल झालेले. "मला असं नको होतं. माझं काम बघून मिळालं की तुमच्यामुळे, ते सांगा. तुमच्यामुळे असेल तर मी हे घेणार नाही."

मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ खेकसलेच. "बाहेर गेले तेव्हाचे मार्क रद्द झाले. नंतरचे मी आत बसलेली असताना पडले, आणि माझे सगळ्यात कमी आहेत. उन्हाळ्यातली मोजणी कुठाय तुझी? मे महिन्यात भोकं वाहतात का, ते नको बघायला?"

मला कोणी असं विचारलं असतं त्या मुलाखतीत, तर मी विहिरी सोडल्या नसत्या.

"मे मध्ये माझी परीक्षा होती," ती तणतणली. मग जरा थांबून म्हणाली, "या वर्षी करते."

"कर."

"आणि मॅडम, स्टेजवर येऊ नका हां आता. गाईडला बोलावतात तिथे."

"नाही येत."

अनुदानासाठी तिचं नाव पुकारलं. निवेदिका सवयीने पुढे म्हणाली, "आणि त्यांच्या मार्गदर्शकांनीही मंचावर यावं." कोणी उठलं नाही. हॉलमधल्या माना वळल्या, बऱ्याचशा माझ्याकडे. आईने कोपर मारलं. "काऊन बसलीस? जा की."

मी बसून राहिले.

ती एकटी चढली. अध्यक्षांनी प्रमाणपत्र दिलं. मग ती फोटोसाठी उभी राहिली, पण एका कडेला, कारण दरवर्षी तिथे दोघं उभी असतात आणि जमिनीवर दोघांच्या जागेच्या खुणा केलेल्या होत्या. शेजारची जागा रिकामी. फोटोग्राफरने कॅमेरा खाली केला आणि ओरडला, "मॅडम, मध्ये या ना!"

ती मध्ये आली. आईने टाळ्या सुरू केल्या.