मिटलेल्या भांडणाचा पुरावा

चंद्रकांता चुरी पालघरच्या कोर्टात लघुलेखक होत्या. नोकरीभर सगळ्यात जास्त टाइप केलेला शब्द कोणता, असं कुणी विचारलं तर त्या 'तहकूब' सांगतात. बांधावरून, नळावरून, सामाईक भिंतीवरून कोर्टात आलेली माणसं त्यांच्या डोळ्यांदेखत म्हातारी झाली. निवृत्तीनंतर त्यांनी एकच मागणी लावून धरली: गावोगावी मध्यस्थीसाठी एक खोली, आठवड्यातला एक ठरलेला दिवस आणि दोन्ही बाजूंना चालतील अशी, शिकवून तयार केलेली माणसं. मध्यस्थीच्या नव्या कायद्यात याला जागा आहे. जिल्ह्याने फक्त माणसं नेमायची. या 'फक्त'पायी त्यांनी शिरगावहून इतक्या खेपा घातल्या, की जिल्हाधिकारी कार्यालयातला शिपाई त्यांना लांबून पाहूनच साहेब मीटिंगमध्ये असल्याचं सांगू लागला.

गावात समित्या आहेतच, असं साहेबांचं म्हणणं. समितीत बसणारे आणि भांडणारे एकाच भावकीतले असतात आणि पाड्यावरचं कुणी तिथे नसतंच, असं बाईंचं. शेवटी कंटाळून साहेब म्हणाले, एक भांडण मिटवून दाखवा, दोघांना माझ्यापुढे उभं करा. त्यांच्या तोंडून ऐकलं की प्रस्ताव वर पाठवतो.

भांडण शोधायला लांब जावं लागलं नाही. रामनाथ वर्तकांच्या सुपारीच्या वाडीतून मागच्या पाड्याची पायवाट होती. त्या पाड्यावरच्या बुधाचा मुलगा धीरज बोईसरला कंपनीत लागला, त्याने मोटरसायकल घेतली आणि तिच्या चाकांनी वाडीचा पाट फुटू लागला. रामनाथनी तारेचं कुंपण घातलं. तार तुटली. रामनाथ पोलिसांत जायला निघाले, बुधा वकिलाकडे.

चंद्रकांताबाईंनी दोघांना आधी त्या वाटेवरून एकत्र चालवलं. मग त्यांची अट अशी, की आपलं गाऱ्हाणं नंतर; आधी समोरच्याचं गाऱ्हाणं आपल्या तोंडाने सांगायचं, तेही तो 'बरोबर' म्हणेपर्यंत. रामनाथना बुधाचं गाऱ्हाणं काही केल्या धड सांगता येईना. प्रत्येक वेळी मध्येच 'पण' यायचा, बुधा मान हलवायचा आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावायच्या. "शाळेत घातलं का मला?" म्हणून रामनाथ एकदा उठून गेले, आणि चहा पिऊन परत आले. अखेर ठरलं: वाट मोकळी, मोटरसायकल रस्त्यालाच लावायची, पाट धीरजने बांधून द्यायचा.

पाड्याच्या रीतीप्रमाणे ताडी आली. दोघांनी एकाच भांड्यातून घेतली. चंद्रकांताबाईंनीही ओठ लावले. रीत त्यांना ठाऊक होती: ताडी झाली की त्या भांडणाचं नाव काढायचं नाही, काढेल त्याने पाड्याला दंड भरायचा. ठाऊक होती, पण त्या वेळी डोक्यात प्रस्ताव होता.

ठरल्या दिवशी रामनाथ बुधाला आपल्याच स्कूटरवर बसवून कार्यालयात घेऊन आले. बाईंना वाटलं, आता आणखी काय हवं. साहेबांनी दोघांना खुर्च्या दिल्या आणि वाद काय होता ते विचारलं.

"वाद नाय, साहेब," बुधा म्हणाला.

साहेबांनी रामनाथकडे पाहिलं. रामनाथनी छताकडे पाहिलं. "आमचं बरं चाललंय," ते म्हणाले.

"कुंपणाचं सांगा ना, रामनाथभाऊ," चंद्रकांताबाई म्हणाल्या.

"कुंपण आता नाहीच आहे, ताई."

बाईंनी ताडीची रीत साहेबांना समजावून सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि ते अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, दोघंही वाद नाही म्हणतात. मग तुम्ही मिटवलं काय, आणि मी वर पाठवू काय?"

बाहेर आल्यावर त्यांचा तोल सुटला. वर्षानुवर्षांची खटपट दोघांनी मिळून बुडवली, असं त्या म्हणाल्या. रामनाथ खाली मान घालून स्कूटरची किल्ली शोधत राहिले. दंडाची भीती नव्हती, घोटाचा मान होता, एवढंच पुटपुटले.

रिक्षा येईपर्यंत बाईंनी नवा नियम ठरवूनही टाकला. पाड्यावर कमळीचं आणि तिच्या दिराचं विहिरीवरून जुंपलंच होतं. ते मिटवू, पण साहेब स्वतः येऊन दोघांचं ऐकून जाईपर्यंत ताडी काढायची नाही.

"साहेब कदी येल?" बुधाने विचारलं.

अर्ज करावा लागेल, तारीख मिळेल, असं त्या म्हणाल्या.

"म्हंजे तवर त्यांनी भांडत ऱ्हायाचं?"

चंद्रकांताबाईंनी रिक्षाला हात केला. बसताना त्यांनी बुधाला सांगितलं, की कमळीकडे उद्या सकाळीच बसू, आणि ताडीचं काय करायचं ते पाड्याने ठरवावं. प्रस्तावासाठी दुसरं काहीतरी बघावं लागेल. काय, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांनाही माहीत नव्हतं.