सलूनच्या खुर्चीतून समुद्रफेरी

माझ्या मेव्हण्याच्या धंद्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून माझी निवड झाली, त्याचं कारण एवढंच की वाळूवर उगाच फिरायला जाण्याइतका रिकामा माणूस त्या गावात दुसरा कोणी नव्हता. मी घाटावरचा. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो स्वतःच्या लग्नाच्या वऱ्हाडात, बसच्या खिडकीतून, आणि तेव्हाही तो लांब आहे याचंच मला बरं वाटलं होतं. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराचा मे महिना होता. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि आंबे खायला म्हणून आम्ही आठ दिवस सासुरवाडीला गेलो होतो. सासुरवाडी मालगुंडाच्या अलीकडे, समुद्राला इतकी चिकटून की अंगणात वाळत घातलेल्या शर्टाची कॉलर चाटली तर खारट लागायची.

मेव्हणा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. पस्तिशीचा, दाढीवाला, बिनलग्नाचा, आणि बारा वर्षं मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. त्या वर्षी तो सुट्टीवर आला तो परत जायचं नाही असं मनाशी ठरवूनच. कुठल्याशा गरम मुलखातल्या बंदरात त्याने गोरी माणसं पाहिली होती. बिनटपाच्या, बुटक्या, जाड चाकांच्या गाड्यांत बसून ती माणसं किनाऱ्यावर आरडाओरडा करत हिंडत आणि त्याचं भाडं देत.

"भावोजी, आपल्याकडे वाळू कमी हाय काय?" त्याने मला विचारलं. वाळू कमी नव्हती. आरडाओरडा करायला भाडं देणारी माणसं कमी होती, पण हे बोलून मी पाहुणचार कशाला बिघडवू?

अलोरे गावाहून त्याने कुणा कंत्राटदाराची पडीक जीप आणली, तिचा टप कापला, दारं काढून टाकली, चहूबाजूंनी पाइप जोडले आणि मागे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीची चाकं बसवली. त्यामुळे गाडी सतत नमस्कार घातल्यासारखी पुढे वाकलेली असे. मागच्या बाजूला एक लाकडी बाक होतं. ड्रायव्हरच्या शेजारी मात्र गिऱ्हाइकाची खास सोय होती: रत्नागिरीतल्या एका बंद पडलेल्या सलूनची खुर्ची. मान टेकायला गादी, पाय ठेवायला पत्रा, सगळं जागच्या जागी. ती गोल फिरते हे मला आधी कोणी सांगितलं नाही.

हा सगळा खटाटोप सासऱ्यांना बिलकूल पसंत नव्हता. सासरे निवृत्त हेडमास्तर. चाळीस वर्षं गावच्या पोरांच्या तोंडचं 'नाय' काढून तिथे 'नाही' बसवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. स्वतःही ते घरात छापील पुस्तकासारखं बोलत. 'आमचा मुलगा बोटीवर असतो' हे वाक्य ते पोस्टात, देवळात आणि एस.टी.च्या थांब्यावर इतक्या झोकात म्हणत, की त्या मुलाने घरी बसून पाहुण्यांना वाळूत फिरवावं ही कल्पनाच त्यांना सोसेना. बापलेकांत महिनाभर बोलणं बंद होतं. शेवटी त्यांनी एक अट घातली. गाडीने पुळणीच्या, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याच्या, दुसऱ्या टोकाच्या खडकापर्यंत जायचं, गिऱ्हाईक घेऊन, आणि दुपारच्या जेवणाआधी स्वतःच्या चाकांवर परत यायचं. आली, तर त्याने खुशाल घरी राहावं. नाही आली, तर सोमवारची एस.टी. धरून मुंबईला जायचं आणि बोटीवर चढायचं.

त्या सकाळी नट आवळता आवळता मेव्हणा मला म्हणाला, "लोकांना वाटतं मी समुद्र बघतो. मी खाली इंजिनात असतो, भावोजी. बारा वर्षांत समुद्र बघितलाच नाय. मला हितंच राहायचं हाय." पान्हा बाजूला ठेवून त्याने तोंड पुसलं, आणि सगळ्या तोंडाला ग्रीस लागलं. मला तो माणूस फार आवडायचा. म्हणूनच मी त्या खुर्चीत बसलो, नाहीतर माझी काय बिशाद होती.

ओहोटी कधी हे ठरवण्याचा मान सासऱ्यांचा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, असा तिकडचा हिशेब. जेवणघरातल्या गणपतीच्या कॅलेंडरसमोर उभं राहून, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तारीख शोधली आणि जाहीर केलं, "वद्य सप्तमी. सात पाऊणे सव्वापाच. सव्वापाचला भरती, म्हणजे सव्वाअकराला पूर्ण ओहोटी. साडेदहाला निघा, साडेबाराला या." हेडमास्तरांनी फळ्यावर लिहिलेलं उत्तर आम्ही सगळ्यांनी वहीत उतरवून घ्यावं तसं मान्य केलं.

साडेदहाला नारळ फुटला. सासरे छत्री उघडून सुरूच्या झाडाखाली, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. बायको मागच्या बाकावर बसली. गाडी सुरू झाली तेव्हा गावातली सगळी कुत्री आणि बरीचशी माणसं आमच्यामागून धावली. प्रत्येकाचा प्रश्न एकच, "खंय चाललाव?" "कुठेच नाही, नुसते फिरायला," असं मी पहिल्या दोघांना खरं सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर अशी काळजी उमटली की तिसऱ्याला मी डॉक्टरकडे चाललोय म्हणून सांगून टाकलं, आणि त्याचं समाधान झालं.

अर्ध्या वाटेवर एका म्हातारीने हात केला. डोक्यावर फणस. खडकापलीकडे लेक दिलेली, तिच्याकडे निघालेली. बाई चालतेय आणि गाडी मोकळी जातेय हे तिच्या दृष्टीने शक्यच नव्हतं. विचारपूस न करता ती बाकावर चढली, फणस माझ्या बायकोच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "चल रे."

एव्हाना मला खुर्चीचा गुण कळला होता. मेव्हण्याने गाडी डावीकडे वळवली की मी उजवीकडे फिरून म्हातारीसमोर तोंड करून बसत होतो, आणि उजवीकडे वळवली की समुद्राकडे. हजामाने मान धरून ठेवल्याशिवाय त्या खुर्चीत स्थिर बसणं शक्य नव्हतं. अधूनमधून मी आरडाओरडा करत होतो. मेव्हण्याला वाटलं, गिऱ्हाईक खूश आहे. तो आणखी वेगात हाकू लागला.

पुळणीच्या मधोमध एक व्हाळ समुद्राला मिळतो. व्हाळ म्हणजे ओढा, मे महिन्यात घोट्याइतका. तो आम्ही फवारे उडवत पार केला आणि अकराच्या सुमाराला खडकापाशी पोचलो. म्हातारी उतरली. फणस डोक्यावर चढवून तिने पाण्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आता हितंच बसा. भरती लागलीय. व्हाळाचं पानी आत चाललंवतं, बघितलास नाय?"

"आज्ये, आज सप्तमी. ओहोटी हाय," मेव्हणा म्हणाला. "आबांनी हिशेब केलाय."

"कसली सप्तमी मेल्या? उद्या माजी विनायकी. उद्या चतुर्थी, तर आज काय झाली?" एवढं बोलून ती खडकाच्या पायवाटेने चालू लागली, मागे वळूनसुद्धा न बघता.

नंतर घरी जे उमगलं ते आत्ताच सांगून टाकतो. जेवणघरातलं ते कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं. वर गणपतीचं चित्र, खाली एकाच कागदावर बारा महिने. देवाचं चित्र कचऱ्यात कसं टाकायचं म्हणून सासूबाईंनी ते तसंच ठेवलं होतं, वर हारही घातला होता, आणि हाराखाली साल झाकलं गेलं होतं. नवीन कॅलेंडर दाराआड होतं. तारीख तीच, पण तिथी अकरा घरं मागची. खरी तिथी शुद्ध तृतीया. तीन पाऊणे सव्वादोन. म्हणजे ओहोटी सव्वाआठलाच होऊन गेली होती, आणि सव्वादोनला भरायचा तो समुद्र आमच्या पाठोपाठ निघालाही होता.

आम्हाला संध्याकाळपर्यंत त्या खडकावर बसता आलं असतं. पुन्हा ओहोटी लागली असती, गाडी कोरडी घरी गेली असती. तसं मी म्हटलंही. मेव्हण्याने माझ्याकडे पाहिलं. "जेवणाच्या आधी, भावोजी," तो म्हणाला. "आबांची अट म्हणजे अट." आणि त्याने गाडी वळवली, त्याबरोबर मीही वळलो.

परतीच्या वाटेवर पुळण निम्मी उरली होती. मेव्हणा समोर बघून हाकत होता, आणि मी बहुतेक वेळ मागे तोंड करून बसलेला, त्यामुळे आमच्या चाकांच्या खुणा पाणी कसं पुसत येतंय हे सर्वांत आधी मला दिसलं. मी ओरडलो. पण सकाळपासून मी ओरडतच होतो, तेव्हा त्याची दखल कोण घेणार? व्हाळ आता घोट्याइतका राहिला नव्हता. समुद्र त्यात शिरला होता. मेव्हण्याने गाडी तशीच घातली. मधोमध जाऊन तिने दोन आचके दिले, एक ढेकर दिली आणि गप्प झाली.

बायको कोकणातली. तिने लुगड्याचा काचा मारावा तशी साडी खोचली, चपला हातात घेतल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "उतरा. बघताय काय?" मी उतरायला पाय खाली टाकला, तर लाटेने खुर्ची फिरली आणि मी पुन्हा जागेवर. असं तीनदा झालं. शेवटी मासेमारीची जाळी सुकवत बसलेले चौघे-पाचजण धावत आले आणि त्यांतल्या एकाने मला भाताच्या पोत्यासारखं खांद्यावर टाकून काठावर नेऊन ठेवलं. माझी अब्रू तिथेच व्हाळात राहिली, पण मी वाचलो याचा मला मनापासून आनंद झाला.

मेव्हणा मात्र गाडीतून हलेना. पाणी सीटपर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. तो स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून, चावी फिरवत बसलेला. इंजिन पाण्याखाली गेलं होतं आणि बारा वर्षं इंजिनांत काढलेल्या माणसाला ते समजत नव्हतं असं कसं म्हणू? तो रडत होता.

गावाकडच्या काठावर सासरे आले. सुरूच्या झाडाखालून ते धावत आले असणार, पण छत्री मिटायचं त्यांना भान राहिलं नव्हतं. धोतर, कोट, डोक्यावर उघडी छत्री, अशा थाटात हेडमास्तर सरळ पाण्यात शिरले. कमरेपर्यंत बुडाले तरी छत्री तशीच. कोळी ओरडले, "मास्तर, मागं फिरा!" पण ते गाडीपर्यंत गेले. एक लाट दोघांच्या डोक्यावरून गेली, आणि मला मेव्हणा दिसेनासा झाला. क्षणभरच, पण दिसेनासा झाला.

"भायेर ये मेल्या!" सासरे किंचाळले. चाळीस वर्षांची सगळी शाळा त्या पाण्यात वाहून गेली. "गाडी गेली खड्ड्यात! भायेर ये! मला कायपन नको, तू भायेर ये!"

त्यांनी त्याचं मनगट धरलं आणि ओढत काठावर आणलं. छत्री समुद्रात गेली. पुढचा तासभर कोळ्यांनी, रोज होड्या ओढतात त्याच दोराने आणि त्याच आरोळ्या देत, गाडी वर ओढून काढली. तिच्यात एक खेकडा आणि पुष्कळ शेवाळ होतं. एकजण सलूनच्या खुर्चीत बसून दोनदा गोल फिरला आणि खुर्ची चांगली आहे असं त्याने मत दिलं.

सासऱ्यांनी मनगट सोडलं नाही. पुळणीवर नाही, पाणंदीत नाही, अंगणातही नाही. पस्तीस वर्षांच्या दाढीवाल्या मुलाला ते शाळेत पहिल्यांदा न्यावं तसे धरून घरी घेऊन आले. लोक बघत होते, त्यांना काय वाटलं असेल ते वाटो.

पानं वाढली होती. मेव्हणा खाली मान घालून म्हणाला, "सोमवारची गाडी धरतो, आबा. अट हरलो मी."

सासरे भात कालवत राहिले. उजव्या हाताने कालवत होते, डावा हात अजून मुलाच्या मनगटावर होता. "सप्तमी कोणी काढली?" ते म्हणाले. "मी काढली." हातातला घास त्यांनी परत पानात ठेवला. "बारा वर्षं मी लोकांना सांगत होतो, मुलगा बोटीवर आहे. पाणी म्हणजे काय ते मला आज दिसलं. तू बुडालास की रे माझ्या डोळ्यांदेखत." त्यांनी मनगट आणखी घट्ट धरलं. "नाय जायाचं कुठं," ते एवढंच म्हणाले.

सासूबाई भाताचं पातेलं घेऊन दारात उभ्या होत्या. बारा वर्षांत त्यांनी 'जाऊ नको' असं मुलाला एकदाही म्हटलं नव्हतं, घरात तसं म्हणायची पद्धतच नव्हती. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि नवऱ्याकडे बघत म्हणाल्या, "एवढंच बोलायचं होतं, तर बारा वर्षं कुठं गेलावता?"