अडखळणारा दांडा

विमानतळावरची तपासणी यंत्रं सांभाळणाऱ्या बाईला सगळे वंगणताई म्हणत. तिच्या बाह्यांना कायम वंगणाचा वास यायचा आणि तिला त्याचं काहीच वाटायचं नाही.

यंत्र म्हणजे काचेची गोल खोली. प्रवासी आत हात वर करून उभा राहतो आणि दोन उंच दांडे त्याच्याभोवती फिरतात. त्यांतून निघालेल्या लहरी कपड्यांतून आरपार जातात, अंगावरून परततात आणि पडद्यावर आकृती उमटते. दांडा जरा जरी अडखळला तरी चित्र फरफटतं आणि अंगावर नसलेली वस्तू दिसू लागते.

त्या सकाळी पहिल्याच फेऱ्याला तिला कुरकुर ऐकू आली. दांडा ज्यावर फिरतो ते वरचं बेअरिंग जायला आलं होतं. पण रांग पार दरवाजापर्यंत गेलेली, वर साहेबांची घाई. ‘दुपारी बघू,’ म्हणून तिने कानाडोळा केला.

थोड्या वेळाने एक आजी सुनेबरोबर आल्या. पडद्यावर त्यांच्या कमरेशी खूण उमटली. पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. शिपाईबाई त्यांना झडतीसाठी शेजारच्या बंद खोलीत घेऊन गेल्या.

“आई, कमरेला काही बांधलंय का, असं मी घरीच विचारलं होतं ना?” सून बाहेरून म्हणाली.

“काही नाही गं माझ्याकडे,” आतून आवाज आला.

खरंच काही निघालं नाही. आजी स्वेटरची बटणं न लावताच बाहेर आल्या आणि बाकावर बसल्या. “यंत्र उगाच कशाला दाखवेल?” सून पुटपुटली.

वंगणताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने यंत्र बंद केलं आणि बाकापाशी जाऊन उभी राहिली.

“आजी, तुमचं काही चुकलं नाही. दांडा अडखळत होता. मला सकाळीच कळलं होतं.”

“मग सकाळीच का नाही बंद केलंस?”

“रांग मोठी होती. दुपारी बघू म्हटलं,” वंगणताई म्हणाली.

“मला काय सांगतेस? हिला सांग. ही मला चोर समजून बसलीये.”

वंगणताईने सुनेला सगळं पुन्हा सांगितलं. मग सून खाली वाकून सासूची बटणं लावू लागली. आजींनी लावू दिली, पण वंगणताईकडे काही पाहिलं नाही.

रांग तुंबली, साहेबांनी तिला फैलावर घेतलं. बेअरिंग बदलायला अर्धा तासही लागला नाही. एवढंसंच काम होतं, हे तिला जास्त लागलं.

“कबूल केलंस ना, झालं मग,” घरी नवरा म्हणाला.

“झालं कुठे? त्यांना आता दर वेळी त्या काचेत उभं राहायची भीती वाटणार.”

दुसऱ्या दिवशी शेजारचं यंत्र किंचित कुरकुरलं. तिने भर गर्दीत ते बंद केलं. बघते तर एक स्क्रू सैल होता, बाकी काही नाही. साहेब पुन्हा तापले. तिने स्क्रू आवळला आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.