जगभरच्या पाट्या आणि प्लॉट नंबर सत्तावन्न

घराच्या नंबराची नुसती पाटी दाखवा, ते घर कोणत्या देशातलं आहे हे मी सात सेकंदांत सांगतो. ही बढाई नाही. माझ्या मोबाइलवर एक खेळ आहे. त्यात जगातल्या कुठल्या तरी गल्लीचा फोटो येतो आणि ती गल्ली कुठली ते ओळखायचं असतं. बाकीचे लोक झाडं बघतात, गाड्या बघतात. मी फक्त पाट्या बघतो. (हिंगण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं स्टोअरमध्ये लेबलं वाचली आहेत, तो सराव वाया जाऊ द्यायचा का?) निळ्या पत्र्यावर पांढरा आकडा दिसला की फ्रान्स. एकाच दारावर एक लाल आणि एक निळी अशा दोन पाट्या असल्या की प्राग.

"अहो, दूध उतू जाऊन राहिलं!" बायको अंगणातून ओरडायची.

"थांब वं, मी फ्लॉरेन्समध्ये आहे!" मी गॅसपासून दोन हातांवर बसून ओरडायचो.

हे ज्ञान मी घरादारात मोकळ्या हाताने वाटलं. दिवाळीला माझा मेव्हणा राजू तावडीत सापडला. राजू लकडगंजमध्ये एका लाकडाच्या वखारीत नोकरीला आहे, स्वभावाने गरीब आणि बोलायला त्याहून गरीब. बेसा रोडच्या पुढे एका लेआउटमध्ये, म्हणजे शेतात प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीत, त्याने प्लॉट घेऊन घर बांधलं होतं. "राजू, पाटी लावशील तर फ्रान्सवाल्यायसारखी लाव गा! आपल्याकडं काय करतात? ग्रॅनाइटवर आजोबापासून नातवापर्यंत सगळ्याईच्या डिग्र्या लिहितात, अन् नंबरच विसरतात!" राजूने "हो जी भाऊजी" म्हणत तिसरी चकली उचलली. माझं व्याख्यान वाया गेलं असं मला वाटलं.

वास्तुपूजेला आम्ही जाऊ शकलो नाही, कारण त्या आठवड्यात आम्ही दोघंही डेंग्यूने आडवे होतो. त्यामुळे घर पाहायचं राहिलं ते राहिलंच. आणि मग, लग्नानंतर नऊ वर्षांनी, राजूकडे पाळणा हलला!

माझी बायको वंदना ही राजूची एकुलती एक बहीण. म्हणजे बाळाची सख्खी आत्या. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा. नऊ वर्षं तिने एक नाव मनात जपून ठेवलं होतं आणि ते मलासुद्धा सांगितलं नव्हतं. (मी कोणाला तरी सांगेन म्हणून. बरोबरच होतं.) मुहूर्त अकरा चाळीसचा. राजूच्या सासूबाई घड्याळाच्या बाबतीत भयंकर कडक. त्यांनी आदल्या दिवशीच बजावलं होतं, की आत्याला उशीर झाला तर अमरावतीची शोभाताई नाव सांगेल. शोभाताई ही चुलत आत्या, आणि तिनेही एक नाव आणलं होतं.

"मी मेली तरी चालंल, पण शोभाचं नाव नाही ठेवू देणार मी," वंदना स्कूटरवर बसता बसता म्हणाली.

"काहून काळजी करतं वं? जगात कुठंही सोड मले, घर सापडंल."

राजूने माझ्या मोबाइलवर नकाशा पाठवला होता. पण मोबाइल सकाळीच मान टाकून पडला होता, कारण मी चहाच्या वेळी पेरू देशात होतो. त्याचं मला काहीच वाटलं नाही. पत्ता तोंडपाठ होता: प्लॉट नंबर सत्तावन्न, पाण्याच्या टाकीमागे. अकरा वाजता आम्ही टाकीमागे हजर!

आता ज्यांना आमच्या लेआउटची कल्पना नाही त्यांच्यासाठी सांगतो. इथे पंचावन्नच्या शेजारी छप्पन असेल असं समजणारा माणूस बाहेरगावचा. पंचावन्नच्या शेजारी एकशे बारा होता, त्याच्या शेजारी म्हैस होती, आणि म्हशीच्या पुढे नऊ-ब.

"कोणाले तरी विचारा ना!" वंदना म्हणाली.

"विचारायचं काय त्यात? बर्लिनमध्ये असंच असते. एका बाजूनं नंबर चढत जातात अन् दुसऱ्या बाजूनं वापस येतात."

आम्ही एका बाजूने गेलो, दुसऱ्या बाजूने वापस आलो आणि पुन्हा म्हशीपाशी पोहोचलो. मग मी जपानी पद्धत लावली, म्हणजे जे घर आधी बांधलं त्याचा नंबर आधी. त्या हिशेबाने घरांचे जुने-नवे रंग बघत बघत आम्ही नाल्यापर्यंत गेलो. वंदनाने स्वतःच्या फोनवरून राजूला गाठलं. तिकडे एवढा गलका, की राजूचं एकच वाक्य नीट ऐकू आलं: "ताई, भाऊजींले म्हणा पाटी पाहा! त्याईले दुरूनच समजंल!" मग फोन कटला, आणि नंतर तो कोणी उचलेना.

"पाहिलं?" मी छाती फुगवून म्हटलं. "राजूले भरोसा आहे माझ्यावर."

"अकरा वीस झाले!" वंदना म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

तेवढ्यात गच्चीवर कुरड्या वाळत घालणाऱ्या एका बाईंनी आपणहून विचारलं, "कोणाकडं जाचं आहे जी? सत्तावन्न? तीन हायेत इथं! तीन लेआउट एका जागी आले ना. एक त्या लिंबापाशी आहे पाहा."

लिंबापाशी खरंच सत्तावन्न होता. मी बेल वाजवली. एका आजोबांनी दार उघडलं आणि काही विचारायच्या आत आम्हाला सोफ्यावर बसवलं. "या जी, बसा! पाणी घ्या. पोहे आणायले सांगतो." "राजू..." मी म्हणालो. "राजू पुण्याले असते आता," ते आनंदाने म्हणाले. त्यांचाही राजू होता! त्या राजूची नोकरी, सून आणि पुण्याचं पाणी ऐकून आम्ही सुटलो तेव्हा अकरा बत्तीस झाले होते. माझ्या हातात पोह्यांची बशी तशीच होती, ती मी परत जाऊन दिली.

"आता बिनओळखीच्या घरात मी पाय ठेवणार नाही," वंदना डोळे पुसत म्हणाली.

पुढच्या गल्लीत शिरलो आणि मी थक्क झालो. एका फाटकावर निळी पाटी! पांढरा आकडा, भोवती पांढरी किनार. अगदी अस्सल!

"वंदना, पाहा पाहा! फ्रान्स!"

"नंबर काय आहे?"

"सत्तावन्न. पण ते जाऊ दे, पत्र्याचा रंग पाहा!"

"अहो, सत्तावन्न म्हणजे..."

"तीन आहेत ना सत्तावन्न! हा कोणीतरी परदेशातून आलेला इंजिनिअर दिसते. वखारीतल्या राजूचा अन् फ्रान्सचा काय संबंध? पुन्हा फजिती करून घ्याची आहे का?"

आणि मी स्कूटर पुढे काढली. गल्ली पुढे बंद होती, म्हणून वळून पुन्हा त्याच पाटीसमोरून गेलो. मग चुकून तिसऱ्यांदा. दारात ढीगभर चपला होत्या. (इंजिनिअरकडेही आजच काहीतरी कार्यक्रम आहे, असं मी म्हटल्याचं मला चांगलं आठवतं.) तेवढ्यात आतून बाईमाणसाचा खणखणीत आवाज आला, "सरका वं, मी सांगतो कानात!"

"शोभा!" वंदना किंचाळली. स्कूटर थांबायच्या आत तिने उडी मारली आणि पैठणीसकट ती फाटकातून आत धावली.

मी स्कूटर लावून पोहोचलो तेव्हा शोभाताई पाळण्यावर वाकलेली होती आणि वंदनाने तिला कमरेला धरून मागे ओढलं होतं. राजूच्या सासूबाई घड्याळ हातात घेऊन उभ्या होत्या. वंदना वाकली, बाळाच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटली, मग सरळ होऊन मोठ्याने म्हणाली, "मल्हार!" सगळ्या बायांनी रीतीप्रमाणे कुर्रर्र करत आत्याच्या पाठीवर धपाधप धपाटे घातले. ती रडत होती आणि हसतही होती. नऊ वर्षं मनात ठेवलेलं नाव माझ्या शहाणपणापायी जाणार होतं, हे तिचा चेहरा पाहून मला कळलं आणि मान वर करायची लाज वाटली.

राजू माझ्याकडे धावत आला. "भाऊजी, पाटी पाहिली? वखारीतल्या पेंटरकडून तीनदा रंग मारून घेतला जी. म्हटलं, बाकी लोकायले घर सापडो न सापडो, भाऊजी बरोबर थांबतील. जमली का फ्रान्सवाल्यायसारखी?"

एवढ्या प्रेमाने माझं कोणीच ऐकलं नव्हतं.

"राजू, इतकी जमली गा," मी म्हणालो, "की व्हिसा नव्हता म्हणून मी तीनदा दारावरून वापस गेलो."

तेवढ्यात पाठीमागून माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा बसला. तो कुठला, हे ओळखायला मात्र मला सात सेकंद लागले नाहीत.