कोरसमधल्या पाचजणी

सीडीचं आता काही खरं नाही, असं आमच्या अंबरनाथच्या ऑफिसातली मुलं म्हणतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. माझ्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, भावाच्या नव्या गाडीलाही नाही. मोबाइलवर तेच गाणं वाजतं, आवाज उलट साफ येतो. मग गळे कशाला काढायचे? मीही हेच म्हणायचे, गेल्या महिन्यापर्यंत.

माझी आई वीसेक वर्षांपूर्वी एका सीडीत गायली. मुख्य गायक आमच्याच बुद्धविहारातले, कंपनीतून सुटले की पेटी घेऊन बसणारे. त्यांच्यामागे झील धरायला पाच बायका, त्यातली एक आई. तेव्हा आम्ही उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये राहायचो. तिथल्या एका सिंधी सेठच्या दुकानावरच्या खोलीत, भिंतींना गाद्या लावून, जयंतीची आठ गाणी रेकॉर्ड झाली. आवाज येतो म्हणून पंखा बंद. पातळं घामानं अंगाला चिकटली, पण एकीनंही हूं की चूं केलं नाही, असं आई अजून सांगते.

जयंतीच्या स्टॉलवर ती सीडी विकायला ठेवली होती. कव्हरवर गायकांचा फोटो आणि आतल्या कागदावर अगदी बारीक अक्षरांत ‘कोरस’ म्हणून पाच नावं. आईला सही करण्यापुरतंच अक्षर येतं. तरी तो कागद तिनं आख्ख्या चाळीला दाखवला. रेशनकार्डावर ती वडिलांची बायको होती, आमच्या शाळेच्या दाखल्यांवर आमची आई. त्या कागदावर ती गाणारी होती.

ते गायक आता नाहीत. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलानं ती गाणी ऑनलाइन टाकली आणि विहाराच्या ग्रुपवर लिंक आली. बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आईला गाणं लावून दिलं. ती खूश झाली, मांडीवर ताल धरला. गाणं संपल्यावर म्हणाली, आता नाव दाखव. मी स्क्रीन वर केली, खाली केली. एकट्या गायकांचं नाव. मी तिला समजावलं की मोबाइलवर कोरसची नावं देत नाहीत. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, सीडीचं कव्हर काढ, त्या पोराला दाखव, तो बरोबर घालेल.

पण कव्हर नव्हतंच. बदलापूरला येताना मीच सगळ्या सीड्या काढून चेनच्या पाऊचमध्ये भरल्या होत्या आणि प्लास्टिकची कव्हरं, आतल्या कागदांसकट, भंगारवाल्याला देऊन टाकली होती. तेव्हा सगळेच तसं करायचे. फुकटची जागा खातात, असं मी वर तोंड करून आईलाच सांगितलं असणार. सीडी मात्र माझ्याकडे आहे, एक ओरखडा नाही तिच्यावर. काय करू तिचं, चाटू?

आईला म्हटलं, शोधते. शुद्ध थाप. एका रविवारी कॅम्प दोनला सेठकडे गेले. तिथे आता मोबाइलची कव्हरं टांगलीत. सेठ म्हातारे झालेत, पण ओळखलं, चहा मागवला. वो सब तो कब का रद्दी में गया बेटी, म्हणाले. उरलेल्या सीड्या लोक कबुतरं घालवायला गॅलरीत बांधायला घेऊन गेले म्हणे. ते हसले, मीही हसले आणि बाहेर आल्यावर स्वतःचाच भयंकर राग आला.

शेवटी गायकांच्या मुलालाच फोन केला. कव्हर त्याच्याकडेही नव्हतं, पण भला माणूस. ताई, नावं पाठवा, गाण्याखाली आजच लिहितो, म्हणाला. माझा जीव भांड्यात पडला. कागद हवाय कोणाला, नावं तर आईला तोंडपाठ असणार.

आईनं स्वतःचं सांगितलं. समोरच्या मावशींचं सांगितलं, विहाराजवळच्या काकूंचं सांगितलं. चौथी अंबरनाथला राहायची, तिचं नाव चहा होईपर्यंत आठवलं. पाचवीपाशी गाडी अडली. वांगणीची, आई म्हणाली. तिला सगळे तेवढंच म्हणायचे. डोंगराखालच्या कुठल्याशा वाडीतून नवऱ्याच्या कामासाठी आलेली, आमच्या गल्लीत दोन वर्षं राहिली आणि परत गेली. पाचांत सगळ्यात वरचा सूर तिचाच. ऑफिसात वांगणीचा एकजण आहे, त्याला विचारलं, तर त्याचा पहिला प्रश्न, बाईचं नाव काय?

मी आईला म्हटलं, चौघींची देऊ या.

“पाचजणी होतो,” आई म्हणाली. “तिचं नसेल तर माझंही घालू नको.”

मग मला खरं सांगावंच लागलं. कव्हर, पाऊच, भंगार, सगळं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. उलट हळूहळू तिचा चेहरा उजळला.

“अगं, कागद गेला तर गेला,” ती म्हणाली. “आल्यागेल्याला तूच तर वाचून दाखवायचीस. किती वेळा वाचलायस. आठव ना जरा.”

वाचायचे मी. पाहुणे आले की आई कागद माझ्या हातात द्यायची, मी बोट ठेवून मोठ्यानं वाचायचे आणि कागदाची घडी करून परत द्यायचे.

“आई,” मी म्हटलं, “मी तुझं एकटीचंच वाचायचे गं. बाकीची कधी वाचलीच नाहीत.”