पोतं उजवीकडे, गाठ डावीकडे

तुमच्या घरात जो सगळ्यात जास्त राबतो, त्याची उघडी पाठ आणि छाती तुम्ही शेवटची नीट कधी पाहिलीत?

माझे बाबा मार्केट यार्डात हमाल. मी अक्षरं शिकले ती त्यांच्या संघटनेच्या पत्रकांवरून; 'पोत्याचं वजन कमी करा' ही मागणी मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. त्यामुळे त्यांच्या डाव्या काखेखाली, बरगडीवर गाठ आली तेव्हा आम्हाला नवल वाटलं नाही. यार्डात प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे घट्टा असतोच. ती दुखतही नव्हती. सोबतचे हमाल तेल चोळून द्यायचे. "ओझ्याची आहे, जिरेल."

लिंबाएवढी होती, ती पेरूएवढी झाली. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, "चरबीची आहे, इथेच काढून टाकू." बाबा तयार होईनात. त्यांना ती जड पोत्यांविरुद्धचा पुरावा म्हणून हवी होती. दाखल्यासाठी ते मला घेऊन मोठ्या रुग्णालयात गेले.

"मॅडम, कामामुळं झाली एवढं लिहून द्या. पत्रकात छापायचंय."

सर्जनबाईंनी गाठ दाबून पाहिली, हलवून पाहिली. हलेना. "काका, पोतं कसं उचलता ते दाखवा बरं."

बाबा वाकले, नसलेलं पोतं उजव्या खांद्यावर तोललं आणि भिंतीपर्यंत चालत गेले. डावा हात मोकळा झुलत होता.

"पोतं उजवीकडे, गाठ डावीकडे. हिला तुमच्या संघटनेत घेतलं कोणी?"

बाबा हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी स्कॅन करायला लावला, मग जाड सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. सार्कोमा निघाला. स्नायू, चरबी अशा मऊ भागांतून उठणारा, क्वचित आढळणारा कॅन्सर. छातीच्या भिंतीत तो आतवर रुजला होता.

उपचार ठरवायला निरनिराळे डॉक्टर एकत्र बसले, आम्हालाही आत बोलावलं. सभा-बैठकांत वाढलेली मी. इतक्या कमी भाषणांत इतकं ठरलेलं कधी पाहिलं नव्हतं. गाठ काढताना भोवतीचं निरोगी मांस आणि बरगड्यांचे तुकडेही काढले. तिथे जाळी बसवली आणि पाठीचा स्नायू वळवून वरून झाकलं. ज्या पाठीनं पोती वाहिली, तीच छातीच्या मदतीला आली. नंतर रेडिएशन.

"अर्धवट कुणाला कापू दिली नाहीत, ते फार बरं झालं. कॅन्सर आजूबाजूला पसरला असता," बाई म्हणाल्या.

"पुरावा होता ना," बाबा म्हणाले.

आता ओझं कायमचं बंद. ठरावीक काळानं स्कॅन होतो आणि निकाल येईपर्यंत घरात कुणी मोठ्यानं बोलत नाही. आतापर्यंत निकाल चांगले आलेत. बाबांनी गाठींबद्दल नवं पत्रक काढलंय. छापण्याआधी ते बाईंना दाखवलं. त्यांनी त्यातली तीन विशेषणं खोडली. चहाच्या टपरीशी उभे राहून, सदरा वर करून व्रण दाखवत बाबा ते वाटतात. पोत्याच्या वजनाचं पत्रक वेगळं. तेही चालूच आहे.

तुमच्या हाती ते पत्रक येईल की नाही, माहीत नाही. म्हणून इथे एक मागणी करते. आज संध्याकाळी आपल्या माणसाला सदरा काढायला सांगा. वाढणारी गाठ दिसली, तर दुखत नाही म्हणून सोडू नका, चोळू नका. त्याला मोठ्या रुग्णालयात न्या, आणि स्कॅन व सुईची तपासणी होईपर्यंत कुणालाही ती कापू देऊ नका.