चन्नम्मानं बोलती केलेली चित्रं

लोहाऱ्याच्या बाजारात महालिंगप्पाच्या दुकानातून हळद घ्यायची तर घाई चालायची नाही. तो आधी पुडीचा कागद उलटासुलटा करून बघायचा, मग हळद टाकायचा. एकदा उमाबाई हळद घेऊन मारुतीपर्यंत पोचली होती, तर हा तराजू टाकून मागं पळाला. भर रस्त्यात पुडी सोडली, हळद दुसऱ्या कागदात ओतली आणि पहिला कागद झटकून खिशात घातला. "येड लागलंय का काय, वाणीदादा?" उमाबाई ओरडली. लागलंच होतं, आणि त्यावर औषध त्याला नकोही होतं.

सोलापुराहून रद्दी यायची, तिच्यात इंग्रजी वर्तमानपत्रं असायची. कागद जाड, पुडीला चांगला. त्यांच्या शेवटच्या पानावर चार चौकटींची चित्रं असत. एक टकलू जाड्या, त्याची ताडमाड बायको आणि एक बदक. माणसं बोलायची, पण इंग्रजीत. महालिंगप्पा निजामाच्या शाळेत उर्दूची चार बुकं शिकलेला, आणि त्याची बायको चन्नम्मा तर शाळेची पायरीही न चढलेली. म्हणून काही अडलं नाही. चन्नम्मानंच त्यांना बोलायला लावलं. ताडमाड बाईचं नाव तिनं आपल्या नणंदेवरून रुद्रम्मा ठेवलं. एका चित्रात बाई बोट उगारून उभी आणि जाड्या दारात. चन्नम्मा म्हणायची, "जेवून जावा म्हणतीय बघा ती. ह्या जाड्याला वाटतंय, भांडतीय."

मूलबाळ नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघं चित्रं कापत, खळीनं एका जुन्या वहीत चिकटवत आणि त्या तिघांचा संसार बघत बसत. रद्दी कशीही यायची, त्यामुळं गोष्टीचा आगापिछा नसायचा. तोही चन्नम्माच जुळवायची.

त्रेचाळीसच्या भादव्यात चन्नम्मा तापानं गेली. महालिंगप्पा कागद कापतच राहिला, पण नवी चित्रं मुकीच येत. त्यानं स्वतः बोलून बघितलं, काही सुचेना. मग तो जुनी वहीच उघडायचा. काही चित्रांवरचं तिचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवे, काहींवरचं अर्धंच. उरलंसुरलं निसटू नये म्हणून तो रोज दुकानात बसून ते पुटपुटायचा. लोकांना वाटे, वाणी शिवनाम घेतोय.

तीन वर्षांनी रद्दीवाल्या कल्याणप्पानं बातमी आणली. त्या वर्तमानपत्रानं सगळी चित्रं पुन्हा छापून त्यांचं पुस्तक काढलं होतं. महालिंगप्पानं ते मागवलं. निजामाच्या हद्दीवरच्या जकात नाक्यावर करोडगिरीच्या शिपायानं सरकारविरुद्ध काही आहे का म्हणून पान न् पान चाळलं, बदक बघून हसला आणि सोडलं. पुस्तकात पहिल्यापासून सगळं ओळीनं होतं, कुठं हळदीचा डाग नाही. आपल्याला कधी न मिळालेली चित्रं महालिंगप्पा पुन्हा पुन्हा बघत बसला. ह्यातलं खरं बोलणं कळलं, की चन्नम्माचं अर्धं राहिलेलं आपोआप पुरं होईल, असं त्याच्या भाबड्या मनानं घेतलं.

गुलबर्ग्याला शिकून आलेले शरणप्पा मास्तर दुपारी दुकानात आले आणि एकेक चित्र वाचून मराठीत सांगू लागले. बोट उगारलेली बाई म्हणत होती, "छत्री घेतल्याशिवाय बाहेर पाय टाकू नका, परवा माझा नवा गालिचा नासवलात." मास्तर सांगायचेही झकास. गिऱ्हाइकं हसली. महालिंगप्पाही हसला, अगदी डोळ्यांत पाणी येईस्तोवर. तीन वर्षांत तो असा हसला नव्हता, खोटं कशाला सांगू?

दुसऱ्या दिवशी त्यानं चन्नम्माची वही उघडली. बोट उगारलेली बाई दिसली आणि कानात मास्तर बोलले, छत्री, गालिचा. त्यानं डोळे मिटले. जेवणाचं काहीतरी होतं. काय होतं? पान उलटलं, तिथंही मास्तर. त्यानं वही शेवटपर्यंत चाळली. एकाही पानावर ती बोलली नाही.

तो दुकान उघडं टाकून शाळेकडं गेला. मास्तर ओसरीवर पान लावत बसले होते.

"या, महालिंगप्पा. लई हसलो बघा काल. फुडचं कवा वाचायचं?"

"न्हाय वाचायचं," तो म्हणाला. "मास्तर, तुमी शिकलेले हाव. काल वाचलेलं इसरायला म्या काय करू, तेवढं सांगा."